घरात लिव्हरचा केमो पंप आला की: एका हिशेबनीस बहिणीची रोजकीर्द

सुई आत गेली की नर्स काहीच करत नाही. नुसती रिकामी सिरिंज जोडते आणि बघत बसते. दट्ट्या ओढावा लागत नाही. पोटातल्या पंपात उरलेलं पाणी आपलं आपण सिरिंजमध्ये चढायला लागतं, नळ बारीक सोडल्यावर तांब्या भरावा तसं. आठ, दहा, अकरा... आणि ११.८ मिलीवर थांबतं. नर्स आकडा मोठ्याने म्हणते, मी वहीत लिहिते. आधीच घरून गणित करून नेलेलं असतं: भरले ३०, दिवस १४, रोजचा खर्च १.३, म्हणजे गेले १८.२, शिल्लक ११.८. ताळा जमला. दादा टेबलावर आडवा असतो, छताकडे बघत म्हणतो, "जमलं का गं तुझं ऑडिट?"

मी सांगलीत नऊ वर्षं एका पतसंस्थेत कीर्द-खतावणी लिहिली. आता न्यू जर्सीत, एडिसनला, टॅक्स भरून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आहे. दादा आणि वहिनी दहा मिनिटांवर राहतात. दादा ५८ वर्षांचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हाच लिव्हरमध्ये दोन्ही बाजूंना गाठी होत्या. नेहमीच्या केमोनंतर मॅनहॅटनच्या हॉस्पिटलात त्याच्या पोटात पंप बसवला, त्यातून लिव्हरला थेट औषध जातं. तेव्हापासून ओळखीतून फोन येतात. कोणाचा भाऊ, कोणाच्या सासूबाई. सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून एकदाच लिहून ठेवते. डोस किती, कधी थांबवायचं, हे डॉक्टरांचं काम आहे. घरच्यांच्या वाट्याला काय येतं, ते इथे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं सगळं तिच्यावरून निघतं: हा पंप बंद करता येत नाही. त्याला बटण नाही, सेल नाही, चावी नाही. बूटपॉलिशच्या मोठ्या डबीएवढा धातूचा गोल डबा, बरगड्यांच्या खाली, पोटाच्या कातडीखाली बसवलेला. आत दोन कप्पे. एकात औषध, दुसऱ्यात कायमचा बंद केलेला वायू. अंगाच्या उबेने वायू फुगतो, औषधाचा कप्पा दाबतो, आणि थेंब-थेंब औषध बारीक नळीतून लिव्हरच्या धमनीत जातं. रात्री, दिवसा, तुम्ही झोपलात तरी. पुन्हा औषध भरलं की त्याच दाबाने वायू आवळला जातो, म्हणजे भरणं हेच त्याचं चार्जिंग. थांबवायचं असेल तर एकच उपाय: सुई घालून औषध काढायचं आणि त्या जागी केमो नसलेलं, हेपरिनचं पाणी भरायचं.

धमनीच का

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. आतड्याकडून येणारी पोर्टल शीर, आणि हृदयाकडून येणारी धमनी. निरोगी लिव्हरचं सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून येतं. आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशीही त्याच शिरेतून लिव्हरमध्ये पोचतात. पण गाठ एकदा वाढायला लागली की ती धमनीच्या रक्तावर पोसली जाते. म्हणजे पाहुणा आला पुढच्या दाराने, पण जेवतो मागच्या दाराने येणाऱ्या डब्यावर. तर तो डबा गाठायचा, एवढीच कल्पना.

औषधही त्यासाठी हेरलेलं: फ्लॉक्सयुरिडीन. हॉस्पिटलात सगळे एफयूडीआर म्हणतात. ते लिव्हरमधून पहिल्यांदा जातानाच ९४ ते ९९ टक्के तिथेच शोषलं जातं. बाकीच्या अंगात पोचतं ते नावापुरतं. त्यामुळे या औषधाने केस जात नाहीत. दादाचे गेले ते छातीतल्या पोर्टमधून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या आणि शिरेला जोडलेल्या डबीतून, जी दुसरी केमो चालू आहे तिच्यामुळे. दोन्ही केमो बहुतेक वेळा जोडीने चालतात. पंप लिव्हर सांभाळतो, दुसरी बाकीचं अंग.

यावरून "लोकल केमो आहे, साइड इफेक्ट नसतात" असं सांगणारे भेटतील. नसतात कसे? फक्त जागा बदलते. ते पुढे येतंच आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी या पद्धतीवर कित्येक दशकं काम केलं. १९९९ साली त्यांनी १५६ रुग्णांचा अभ्यास छापला. गाठी कापून काढल्यानंतर पंप आणि केमो मिळालेल्यांपैकी ८६ टक्के दोन वर्षांनी हयात होते, नुसती केमो मिळालेल्यांपैकी ७२ टक्के. आकडा चांगला आहे, पण हिशेबनीस म्हणून तळटीप वाचायची सवय आहे मला: तेव्हाची केमो जुनी होती. आजच्या केमोसमोर पंप किती भर घालतो हे तपासायला नेदरलँड्स आणि अमेरिकेत मोठे अभ्यास हाती घेतलेत. म्हणून कोणी हमी देत असेल तर जरा सावध.

बसवण्याआधी काय विचारायचं

पंप सगळ्यांसाठी नाही. रोग लिव्हरमध्येच असावा किंवा मुख्यतः तिथेच. पोर्टल शीर गुठळीने बंद झालेली असेल, कावीळ चढलेली असेल, लिव्हरचा फारच मोठा भाग गाठींनी व्यापला असेल, तर सहसा नाही म्हणतात. आम्ही सर्जनना विचारायला पाच प्रश्न कागदावर नेले होते, त्यातले तीन उपयोगाचे निघाले.

पहिला: तुम्ही वर्षाला असे किती पंप बसवता? संकोच करू नका. वहिनीने टेबलाखालून माझा पाय दाबला होता, पण सर्जनना राग आला नाही, उलट त्यांनी आकडा सांगितला. हे काम हाताच्या सवयीचं आहे. बसवणाराच नव्हे, नंतर दर पंधरवड्याला भरणारी टीमही सवयीची लागते.

दुसरा: धमन्यांची रचना कशी आहे? ऑपरेशनआधी सीटी अँजिओ काढतात, कारण लिव्हरच्या धमन्या सगळ्यांच्या सारख्या नसतात. कोणाला एखादी जास्तीची, कोणाची भलत्याच ठिकाणाहून फुटलेली. नळीचं टोक सहसा जठराकडे जाणाऱ्या एका फांदीतून आत सारतात आणि जठर-आतड्याकडे जाणारे बारीक फाटे बांधून टाकतात, नाहीतर औषध तिकडे जाऊन अल्सर करतं. पित्ताशयही त्याच वेळी काढतात. "चांगलं पित्ताशय का काढायचं?" असा वाद दादाने घातला होता. कारण साधं आहे, हे औषध पित्ताशयाला सोसत नाही.

तिसरा: पंप भरायला दर दोन आठवड्यांनी कुठे यायचं, आणि रविवारी रात्री फोन केला तर कोण उचलेल? तो नंबर लिहूनच बाहेर पडा.

२०१८ साली कॉडमन कंपनीच्या पंपाचं उत्पादन थांबलं होतं, नंतर त्याच रचनेचा इंटेरा ३००० आला. जुने लेख वाचताना नावांचा गोंधळ होतो, म्हणून सांगितलं. आपल्याला मिळणाऱ्या कार्डावर मॉडेल, नंबर आणि रोजचा प्रवाह लिहिलेला असतो. त्या कार्डाचे फोटो तीन फोनमध्ये ठेवा.

इंडियातून विचारणाऱ्यांसाठी: लिव्हरच्या धमनीतून इलाज करण्याचा हा एकच प्रकार नाही. मुंबईत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाले धमनीतून किरणोत्सारी मणी सोडतात, केमो भरलेले मणीही सोडतात. फ्रान्समध्ये कातडीतून नळी घालून पोर्टवाटे ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध देण्याची रीत आहे. पंपच पाहिजे असा हट्ट धरून विमानाची तिकिटं काढण्याआधी जवळच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात "लिव्हरपुरतं काय काय करता येईल?" असा मोकळा प्रश्न टाका.

ऑपरेशननंतर

पहिलं औषध लगेच भरत नाहीत. आधी पंपाच्या नळीतून किंचित किरणोत्सारी द्रव सोडून स्कॅन करतात. लिव्हर सगळीकडे उजळली पाहिजे आणि जठर, आतडं काळं राहिलं पाहिजे. आम्हाला तंत्रज्ञाने पडदा दाखवला. काळ्या आभाळात एकटी लिव्हर, पपईच्या आकाराची. हा स्कॅन झालाय का, आणि त्याचा निकाल काय, हे स्वतः विचारा.

पंपाच्या जागी पाणी जमून फुगवटा येतो, तो ओसरतो. लाली, गरमपणा, ताप आला तर तो नंबर फिरवायचा. पंप बोटांनी हलवून बघायची सगळ्यांना खाज सुटते, दादालाही सुटली. नको. तो आत फिरला तर सुई घालायचं तोंड उलट्या बाजूला जातं.

कपड्यांचं कोणी सांगत नाही. पँटचा पट्टा बरोबर पंपाच्या कडेवर येतो. दादाने महिनाभर नाडीचे लेंगे घातले, नंतर वहिनीने सगळ्या पँटींना इलॅस्टिक लावून दिलं. गाडीच्या पट्ट्याखाली घडी घातलेला पंचा ठेवतो. पट्टा लावायचाच, पंचा आड घालून.

वही कशी ठेवायची

ही माझी आवडती जागा, त्यामुळे जरा रेंगाळते.

आमचं चक्र चार आठवड्यांचं होतं. दोन आठवडे पंपात औषध, त्यात हेपरिन आणि डेक्सामेथासोन मिसळलेलं. हेपरिन रक्त गोठून नळी तुंबू नये म्हणून, डेक्सामेथासोन पित्तनलिकांची सूज कमी राहावी म्हणून. नंतरचे दोन आठवडे नुसतं हेपरिनचं पाणी, लिव्हरला विसावा. वहीत मी आठ रकाने आखले: तारीख, काय भरलं, किती भरलं, किती परत आलं, दिवस, रोजचा खर्च, रक्ताचे तीन आकडे एका रकान्यात, शेरा.

रोजचा खर्च काढायला सोपं आहे. भरले वजा परत आले, भागिले दिवस. हा आकडा दर वेळी जवळपास सारखा आला पाहिजे. फार्मसी याच आकड्यावरून पुढचं औषध किती घट्ट करायचं ते ठरवते, कारण प्रवाह बदलता येत नाही, घट्टपणाच बदलता येतो. परत आलेलं पाणी फारच कमी किंवा फारच जास्त असेल तर काहीतरी बिघडलंय. तुमचा आकडा नर्सच्या आकड्याशी जुळत नसेल तर तिथेच बोला. त्या कधी वैतागल्या नाहीत. एक जण तर म्हणाली, तुझी वही आमच्या कॉम्प्युटरपेक्षा लवकर उघडते.

एकदा ११.८ च्या जागी ११.० आले. पाऊण मिलीहून थोडं जास्त कुठे गेलं? शेऱ्याच्या रकान्यात उत्तर होतं: मधे तीन दिवस दादाला १०२ ताप होता. अंग तापलं की वायू जास्त फुगतो आणि पंप भराभर चालतो. ताप आल्याच दिवशी फोन करायचा असतो हे आम्हाला तेव्हा कळलं. पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या मनाने द्यायची नाही, एक तर लिव्हरचा प्रश्न, दुसरं म्हणजे केमोतला ताप झाकून टाकणं धोक्याचं.

जानेवारीत हिमवादळ आलं. टर्नपाइकवर गाड्या अडकल्या, आणि आमची तारीख दुसऱ्या दिवसाची. मी हिशेब केला: शिल्लक ११.८, भागिले १.३, म्हणजे अजून नऊ दिवस पंप रिकामा होत नाही. निर्धास्त झाले आणि वहिनीला म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. नर्सने फोनवर विचारलं, "आत्ता आत काय आहे?" औषध होतं. मग तिने सरळ सांगितलं की रस्ता उघडला की त्याच दिवशी या. पंप कोरडा पडायला नऊ दिवस होते हे खरं, पण औषध चौदा दिवसांनी काढायचं ते लिव्हरसाठी, पंपासाठी नव्हे. तो आपल्या आपण थांबणार नाही, पंधराव्या दिवशीही देतच राहणार. पाण्याच्या पंधरवड्यात एखाद-दोन दिवस पुढे-मागे चालतं, तेही विचारून. औषधाच्या पंधरवड्यात नाही. तेव्हापासून औषधाच्या ओळी मी लाल शाईने लिहिते.

आता रक्ताचे आकडे. अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, एएसटी: लिव्हर आणि पित्तनलिकांचं कसं चाललंय ते यावरून कळतं. रिपोर्टवर ज्या आकड्यापुढे लाल खूण नसते तो बरा, असं आपण समजतो. इथे ते चालत नाही. दादाचा अल्कलाइन फॉस्फटेज सुरुवातीला ९२ होता. मग १०४. मग ११८. लाल खूण कुठेच नाही, लॅबच्या लेखी सगळं ठीक. पण डॉक्टरांनी डोस अर्धा केला, कारण ते लॅबच्या मर्यादेशी नाही, दादाच्याच सुरुवातीच्या आकड्याशी तुलना करतात. पुढच्या खेपेला १४६ आला, सुरुवातीच्या दीडपटीच्या वर, तेव्हा औषध भरलंच नाही. म्हणून पहिल्या दिवशीचे तिन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. सगळं त्यावर मोजायचं.

औषध भरलं नाही की घरात सुतक पडतं. "केमो चुकली." चुकली नाही. या औषधाचा खरा धोका पित्तनलिकांना आहे. त्या आतून सुजतात, वेळीच थांबलं नाही तर कायमच्या अरुंद होतात, मग स्टेंट घालत बसावं लागतं. दोन खेपा सुटल्या आणि दादाचा आकडा खाली आला. मग पुन्हा कमी डोसने सुरू केलं.

"पित्त झालंय"

मराठी घरात एक खास घोळ होतो. दादा म्हणाला, "पित्त झालंय जरा." आपल्याकडे पित्त म्हणजे ॲसिडिटी. जागरण झालं, तिखट खाल्लं, पित्त झालं. वहिनीने कोकम सरबत करून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी छातीच्या खाली मधोमध कुरतडल्यासारखं. हॉस्पिटलात तोच शब्द इंग्रजीत नेलात तर तो लिव्हरमधलं पित्त होतो आणि सगळी चौकशी भलतीकडे जाते.

म्हणून शब्द टाका आणि जागा दाखवा. बोट ठेवून: इथे दुखतं, जेवल्यावर वाढतं की उपाशी, शौच काळी होते का, किती दिवस. वरच्या पोटात दुखणं म्हणजे औषध जठराकडे झिरपत असण्याची शक्यता असते. दादाला एंडोस्कोपी केली, पुन्हा स्कॅन केला, सुदैवाने नुसती सूज निघाली. ॲसिडिटीची गोळी त्याला रोज होतीच, ती तो "आज बरं वाटतंय" म्हणून गाळत होता. ती बरं वाटण्यासाठी नाही, रोजची आहे.

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, शौच पांढरट: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन. काविळीची माळ, झाडपाला, मंत्र उतरवणारे, हे सगळं सांगणारे नातेवाईक प्रेमानेच सांगतात. त्यांना "डॉक्टरांना विचारते" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

सांगलीच्या माणसाला हळद खाऊ नको म्हणणं म्हणजे काय असतं ते सांगलीकरालाच कळेल. आईने राजापुरी हळदीची दोन किलोची पिशवी पाठवली होती. फोडणीतली हळद चालते, आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. चालत नाहीत त्या हळदीच्या कॅप्सूल, ज्या वहिनीच्या मैत्रिणीने डझनभर बाटल्या आणून दिल्या. त्यात अर्क असतो, आणि त्याने लिव्हर बिघडल्याचे दाखले आहेत. गुळवेलीचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या. एरवी काय असेल ते असो, पण पंधरा दिवसांनी अल्कलाइन फॉस्फटेज वाढला तर तो औषधाने वाढला की कॅप्सूलने, हे कसं ओळखणार? वहीत दोन खर्च एकाच रकान्यात टाकले की चूक सापडत नाही.

ऊब आणि उंची

पंप उबेवर आणि हवेच्या दाबावर चालतो, म्हणून या दोन गोष्टी रोजच्या जगण्यात सांभाळायच्या. पोट दुखलं की आपला हात आधी गरम पाण्याच्या पिशवीकडे जातो. पंपावर ती ठेवायची नाही, हीटिंग पॅडही नाही. हॉट टब, सौना नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाला दादाला वाफाळतं पाणी लागतं, त्याला कोमटावर भागवायला लावलं. तेल लावून मालिश पाठीला चालली, पोटाला नाही.

उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पंप पळतो. विमानातही दाब जमिनीपेक्षा कमीच असतो. एखाद्या छोट्या प्रवासाने आभाळ कोसळत नाही, पण आधी सांगा: कुठे, किती उंचीवर, किती दिवस. एमआरआय सांगितला तर कार्ड आधी पाठवा. अटी पाळून करता येतो, पण पंपाजवळचं चित्र बिघडतं, त्यामुळे कधी कधी सीटीवरच भागवतात. विमानतळावर तपासणीचं यंत्र वाजलं तर गडबडायचं नाही, कार्ड पुढे करायचं.

इमर्जन्सीत

ही गोष्ट आमच्या जवळच्याच एका इमर्जन्सीत घडली. दादाला रात्री उलट्या थांबेनात म्हणून वहिनी घेऊन गेली. नर्सने पोटावरचा उंचवटा बघितला, हाताने चाचपला, म्हणाली, "पोर्ट आहे ना, यातूनच रक्त घेते." सुई उघडली होती. वहिनी एरवी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशी बोलली. छातीतला पोर्ट वेगळा, त्यातून रक्त घेता येतं, सलाइन देता येतं. पोटातला पंप वेगळा, त्याचा रस्ता थेट लिव्हरच्या धमनीत जातो. त्याला खास सुई लागते, आणि कोणती सुई घातली यावर तिच्यातून सोडलेलं औषध पंपाच्या कप्प्यात जाणार की सरळ धमनीत, हे ठरतं. शिकलेल्या हाताशिवाय तिथे कोणी सुई टोचायची नाही.

त्या नर्सची चूक म्हणावी तर असे पंप थोड्याच हॉस्पिटलांत दिसतात, तिने आयुष्यात पाहिलेला नसणार. पण विश्वासावर सोडायची गोष्ट नाही ही. आता दादाच्या पाकिटात, गाडीत आणि फ्रिजवर मोठ्या इंग्रजी अक्षरांतलं कार्ड आहे: पोटात लिव्हरचा केमो पंप आहे, त्याला सुई लावू नका, आत्ता आत हे भरलेलं आहे, या नंबरवर फोन करा. तिसरी ओळ पेन्सिलने लिहिलेली, कारण ती दर पंधरवड्याला बदलते.

गावी जायचं तर

औषध चालू असताना इंडियाला जाणं आम्ही सोडूनच दिलं. तिकडे पंप कोण भरणार, हा साधा प्रश्न. पण औषधाचा टप्पा थांबला की पंप लगेच काढत नाहीत. त्यात ग्लिसरीन भरतात. ते घट्ट असल्याने सावकाश झिरपतं, म्हणून पंधरा दिवसांऐवजी सहा-आठ आठवड्यांनी भरलं तरी चालतं. नळी उघडी राहते, पुन्हा गरज लागली तर पंप तयार. नेमके किती आठवडे, ते तुमच्या टीमकडून लिहून घ्या.

दादाचं ग्लिसरीन भरल्याच्या पाचव्या दिवशी आम्ही तिघं निघालो. परतीचं तिकीट मी विसाव्या दिवसाचं काढलं होतं, विमान चुकलं, ताप आला, काहीही झालं तरी हातात तीन आठवडे राहावेत म्हणून. महाबळेश्वरचा बेत दादाने आखला होता, मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, ग्लिसरीन आहे, एक दिवस जाऊन या, मुक्काम नको. नेवार्कच्या विमानतळावर यंत्र वाजलं. मुंबईला वाजलंच नाही, याचं दादाला वाईट वाटलं.

घरी पोचल्यावर आईने आधी त्याचा सदरा वर करून पंपावर तळहात ठेवला. "गार लागत नाही रे." तिला वाटलं होतं लोखंड गार असणार. मग म्हणाली, रात्री तेल-हळद लावते. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आई, पायाला लाव.

आईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. परतल्यानंतर पंप भरायची तारीख मी त्यावर लाल पेनने लिहिली, तिलाही माहीत असावी म्हणून. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याच चौकटीत, माझ्या आकड्याच्या खाली, आईने तिचं लिहिलं होतं: दूध अर्धा लिटर.